खोडलेल्या ओळींचा अर्थ

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी मराठीने एक अक्षर राखून ठेवले आहे: ढ. ब्राह्मीतली बाकीची अक्षरे दोन हजार वर्षांत ओळखू येऊ नयेत इतकी बदलली, ‘ढ’ मात्र जवळपास होते तसेच राहिले, म्हणून जे मूल पुढे सरकत नाही ते ‘ढ’, अशी त्याची उपपत्ती सांगतात. ती खरी असो की कुणी रचलेली, तिच्यात एक गृहीत दडले आहे. हे मूल असेच आहे आणि असेच राहणार, त्यात आणखी काय बघायचे? मुलांच्या मेंदूचा आणि वागण्याचा संबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांची ओळख करून देताना सुरुवात या अक्षरापासून करावी लागते, कारण त्यांचे सगळे काम या गृहीताशी भांडण्याचे आहे. इंग्रजीत त्यांना पीडिअ‍ॅट्रिक न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणतात. मराठीत ‘बाल-चेतामानसशास्त्रज्ञ’ असा शब्द करता येतो, पण तो उच्चारता उच्चारता पालकांची अर्धी भेट संपेल. इथे आपण न्यूरोसायकॉलॉजिस्ट हाच शब्द वापरू. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या तज्ज्ञाकडून मिळणारी मोलाची गोष्ट म्हणजे मुलाच्या अडचणीचे स्पष्टीकरण. बुद्ध्यांकाचा आकडा, आजाराचे नाव, सवलतीचा दाखला ही त्या स्पष्टीकरणाची उपउत्पादने आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा उपउत्पादनेच घरी येतात आणि मूळ माल दुकानातच राहतो.

स्पष्टीकरण म्हणजे नेमके काय, ते एका साध्या वजाबाकीवरून पाहू. 52 मधून 27 वजा करायचे आहेत आणि तिसरीतल्या मुलाने उत्तर लिहिले आहे 35. बाईंनी लाल फुली मारली. बाईंच्या दृष्टीने काम संपले. पण हे 35 चार वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकते. एका मुलाने एक दशक सुटा केला, 12 मधून 7 वजा केले, आणि तेवढ्या वेळात पाचाचे चार झाले आहेत हे त्याच्या डोक्यातून निसटले: काम करता करता माहिती धरून ठेवणारी स्मृती तोकडी पडली. दुसऱ्याने पाचावर काट मारून वर चार लिहिला, पण त्याचे आकडे वहीवर असे तिरके सांडलेले असतात, की वजाबाकी करताना त्याची नजर चुकीच्या जागी गेली. तिसऱ्याला सगळे येते, त्याने उत्तर झरकन लिहून टाकले आणि पेन्सिल खाली ठेवली. चूक त्याला दाखवा, तो स्वतःच हसून दुरुस्त करेल. चौथ्याला दशक सुटा करणे म्हणजे काय हेच कळलेले नाही, तो नुसती कृती पाठ करून आला आहे. फुली चौघांनाही एकच. उपाय मात्र वेगळे: पहिल्याला पायऱ्या कागदावर मांडायची सवय हवी, दुसऱ्याला चौकटीची वही, तिसऱ्याला थांबून तपासण्याचे शिक्षण, आणि चौथ्याला पुन्हा काड्यांचे गठ्ठे हाती द्यायला हवेत. चौघांनाही ‘रोज वीस वजाबाक्या सोडव’ असे सांगितले, तर त्यातल्या तिघांना आपल्या चुकीचा भरपूर सराव होईल.

म्हणून चाचणीच्या टेबलावर हा तज्ज्ञ उत्तराइतकेच, कित्येकदा उत्तरापेक्षा जास्त, उत्तरापर्यंतच्या वाटेकडे बघतो. बॉस्टनच्या इडिथ कॅप्लान यांनी या पाहण्याला पद्धतीचे रूप दिले. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1941 मध्ये मांडलेली एक गुंतागुंतीची आकृती आजही वापरली जाते: आयत, कर्ण, त्रिकोण, वर्तुळ, बारीकसारीक रेघा. मुलाने ती बघून काढायची. काढताना तज्ज्ञ थोड्या थोड्या वेळाने पेन्सिलचा रंग बदलून देतो, म्हणजे कोणती रेघ आधी आली आणि कोणती नंतर हे कागदावरच उमटते. कुणी आधी मोठा आयत काढून मग आतले तपशील भरते. कुणी एका कोपऱ्यातून सुरू करून तुकडा तुकडा जोडत जाते. अर्ध्या तासाने तीच आकृती आठवणीतून काढायला सांगितली, की दोघांतला फरक उघडा पडतो. आकडे ऐकून तसेच म्हणायचे आणि मग उलट म्हणायचे, यातही हेच: सरळ पाच आकडे म्हणणारे मूल उलट म्हणताना दोनावर अडकले, तर ऐकू येणे आणि लक्ष देणे ठीक आहे, अडचण मनातल्या मनात उलथापालथ करण्याची आहे, असा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच. मग दुसऱ्या चाचणीने तो पडताळायचा, वर्गशिक्षकांच्या म्हणण्याशी ताडून पाहायचा, आणि जुळत नसेल तर सोडून द्यायचा. आधी श्रवणाची आणि दृष्टीची तपासणी झालेली हवी, हे सांगायला नको. पण सांगावे लागते. वर्गात क्षणभर शून्यात बघणाऱ्या मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून वर्षभर रागावल्यावर, ते अपस्माराचे सूक्ष्म झटके होते असे मेंदूच्या विद्युत-आलेखातून निघण्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत.

या शास्त्राच्या मुळाशी जो माणूस आहे त्याला आपण काय मांडतो आहोत याची कल्पना होती आणि त्याचा कसा विपर्यास होईल याची धास्तीही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी 1905 मध्ये तीस प्रश्नांची मापनश्रेणी तयार केली. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते, आणि नेहमीच्या वर्गात ज्यांना झेपत नाही अशी मुले शोधून त्यांना वेगळी मदत द्यायची होती. बुद्धी ही जन्मजात ठरलेली, न वाढणारी राशी आहे असे मानणाऱ्यांवर बिनेने कडक टीका केली. सरावाने आणि योग्य शिकवण्याने ती वाढते असे त्याचे मत होते. तो 1911 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, 1916 मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने त्यातून बुद्ध्यांक रूढ केला, आणि हेन्री गॉडर्डसारख्यांनी मदतीसाठी केलेले हे साधन माणसांना वेगळे काढण्यासाठी, संस्थांत डांबण्यासाठी वापरले. साधन तेच, हेतू उलटा. चाचण्यांवर आजही जो आक्षेप घेतला जातो, की त्या मुलांवर शिक्के मारतात, त्याला हा इतिहास भक्कम पुरावा देतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र शिक्का नको म्हणून तपासणीच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तपासणीआधी मूल काही कोरे नसते. आळशी, हट्टी, धांदरट, आणि आपले जुने ‘ढ’: शिक्के आधीच बसलेले असतात, तेही कुणी काही न तपासता मारलेले. निवड शिक्का की शिक्का नाही अशी नसून न तपासलेले मत की तपासलेले, आणि पुढे पुन्हा तपासता येईल असे मत, यांतली आहे.

बिनेची श्रेणी महाराष्ट्राच्या दाराशी लवकर आली. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. 1930 च्या दशकातली ती बिने-कामत चाचणी. पुढे नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये फादर ए. जे. मालिन यांनी डेव्हिड वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप 1969 मध्ये सिद्ध केले. परकी चाचणी जशीच्या तशी लादण्यापेक्षा इथल्या मुलांवर ती प्रमाणित करण्याची ही मेहनत आदराने सांगावी अशीच आहे. पण चाचणीचे प्रमाण हे धान्याच्या मापासारखे नाही, की एकदा ठोकून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून दाखवले, की दर दशकाला सरासरी गुण साधारण तीनने वाढत गेले. कारणांवर वाद आहे: शाळा, आहार, लहान कुटुंबे, आकृत्यांनी भरलेले जग. परिणामावर मात्र वाद नाही. जुन्या प्रमाणाशी आजच्या मुलाची तुलना केली, तर तो आहे त्यापेक्षा हुशार दिसतो. म्हणजे ज्याला मदतीची गरज आहे तोच कागदावर ‘सर्वसाधारण’ ठरू शकतो. परदेशी चाचण्यांना नावे ठेवताना आपण आपल्याच चाचण्यांच्या वयाकडे कानाडोळा करतो.

आकड्याचा हट्ट किती महाग पडतो हे दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या नियमांत दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, ही मोठी गोष्ट झाली. केंद्राने 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र या अक्षमतेची चाचणी पुढे नेण्यासाठी बुद्ध्यांक 85 च्या वर असावा असे धरले. सत्तरच्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. मधल्या मुलांचे काय? गुणांची वाटणी घंटेच्या आकाराची धरली तर 70 ते 85 या पट्ट्यात शंभरातली तेरा-चौदा मुले येतात. चाळीसच्या वर्गात पाच-सहा. त्यांना ‘स्लो लर्नर’ म्हणतात आणि बहुधा तिथेच सोडतात. त्यात पुन्हा कोणतीही चांगली चाचणी आपला आकडा पाच-सहा गुण इकडेतिकडे होऊ शकतो हे स्वतःच सांगते. सोमवारी 83 आलेल्या मुलाला, झोप नीट झालेल्या गुरुवारी 87 येऊ शकतात. ज्या रेषेवर त्याची सवलत ठरते ती रेषा चाचणीच्या अचूकतेपेक्षा बारीक आहे. शासनाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण रेघ ओढणे हे प्रशासनाचे काम आहे, आणि वाचताना हे मूल नेमके कुठे अडखळते हे सांगणे तज्ज्ञाचे. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले असे समजणे ही आपल्याकडची नित्याची चूक आहे.

महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती 1996 पासूनच द्यायला सुरुवात केली, इतर अनेक राज्यांच्या आधी. वाढीव वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट. यावर कुजबुज नेहमी होते, की पैसेवाले पालक दाखले मिळवतात आणि टक्के वाढवतात. असे होत नसेल असे मी म्हणणार नाही. पण या कुजबुजीचा जोर ज्या पोकळीतून येतो ती बघा: अहवाल दहावीच्या वर्षी, दाखल्यापुरता मागितला जातो आणि सवलत मिळाली की फाइल बंद होते. स्पष्टीकरण मागितले असते तर प्रश्न आपोआप उभे राहिले असते. ज्याची अडचण वेगाची नाही त्याला जादा वेळ देऊन काय साधणार? ज्याला वाक्यच रचता येत नाही त्याला लेखनिक मिळाला तरी तो सांगणार काय? उलट ज्याचे विचार धावतात आणि हात मागे राहतो, त्याला लेखनिकाने खरोखर न्याय मिळतो. सवलत आणि अडचण यांची गाठ घालून दाखवणारा अहवाल हीच गैरवापरावरची सर्वांत स्वस्त तपासणी ठरेल.

आता भाषा. डिस्लेक्सियाबद्दलचे बरेचसे संशोधन इंग्रजीतले, आणि इंग्रजी ही वाचायला शिकणाऱ्यासाठी जगातल्या खट्याळ भाषांपैकी एक. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते कितीतरी प्रामाणिक आहे, म्हणून मराठी मुलाला ही अडचण येतच नाही असे कुणी म्हणतात. ती येते, पण वेगळ्या जागी येते. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी कच्या आधी काढायची आणि उच्चारायची कच्या नंतर. ‘वर्ग’ मधला र गच्या डोक्यावर चढून बसतो, पण बोलताना गच्या आधी येतो. जोडाक्षरात अर्धे अक्षर कधी शेजारी, कधी पायाशी. डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम असे वारंवार फुटतात तिथे आपले मूल घसरते. शिवाय बऱ्याचदा ते चुकीचे वाचत नाही, अक्षर अक्षर लावत इतके सावकाश वाचते की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहितो का, एवढेच विचारणारी उसनी प्रश्नावली हे सारे टिपणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये भारतीय भाषांसाठी ‘डाली’ हे चाचणीसाधन पुढे आणले आणि पहिल्या भाषांत मराठी होती, ही समाधानाची बाब. तरी मराठी म्हणजे कोणाची, हा प्रश्न उरतोच. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल शाळेत मराठीत अडखळते तेव्हा ते दुसऱ्या भाषेतले नवखेपण आहे की खरी अध्ययन अक्षमता, हे ठरवायला घरच्या भाषेत त्याला काय येते हे आधी पाहावे लागते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात गेला तेव्हा निरक्षर शेतकऱ्यांनी त्याला हा धडा दिला होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक गाव त्या मुलखात आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची, असे विचारल्यावर त्यांचा सूर असा होता, की आम्ही तिथे गेलो नाही, ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. शाळेच्या हिशेबाने उत्तर चूक. जे पाहिले नाही त्याबद्दल छातीठोक बोलू नये हा शहाणपणा मात्र पक्का. लुरियाच्या विचारांवर पुढे मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजीतली मोठी चाचणीमाला उभी राहिली, हा इतिहासातला गमतीचा योग.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मेंदूचे एमआरआय काढले की झाले. डिस्लेक्सिया किंवा अवधानातली कमतरता एखाद्या मुलात आहे की नाही, हे सांगणारे चित्र आजच्या कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. बहुतेक मुलांचे चित्र अगदी नेहमीसारखे येते. आणि चित्रात इजा दिसली तरी रोजच्या जगण्यात तिचा अर्थ काय, हे चित्र सांगत नाही. लंडनमध्ये फरानेह वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये तीन तरुण मुलांबद्दल लिहिले. तिघांच्याही मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लहानपणीच दोन्ही बाजूंनी दुखावला होता. तिघे नेहमीच्या शाळेत गेले, बोलायला-वाचायला शिकले, शब्दार्थ आणि सामान्य ज्ञान शिकले. बुद्धीच्या एका आकड्यात मावेल असे फारसे काही बिघडलेले नव्हते. पण सकाळी काय झाले, वस्तू कुठे ठेवली, कुणाशी काय ठरले, हे त्यांना आठवत नसे. ओळखीच्या जागीही वाट सापडत नसे. घरच्यांना हे माहीत होते. चाचणीने त्या घरगुती तक्रारीला नाव आणि आकार दिला, आणि त्यातून स्मृतीबद्दलच्या शास्त्राची समजही बदलली.

याहून चिवट आहे तो आशावाद: मूल लहान आहे, मेंदू लवचीक असतो, मोठे होईल तसे सुटेल. मार्गारेट केनर्ड यांनी 1930 च्या दशकात माकडांवर प्रयोग करून, लहान वयातली इजा मोठेपणीच्या इजेपेक्षा बरी भरून येते असे पाहिले, आणि पुढे ते ‘केनर्ड तत्त्व’ म्हणून सोपे करून सांगितले गेले. केनर्ड स्वतः त्याहून सावध होत्या. मुलांच्या बाबतीत चित्र बरेचदा उलटे निघते. मेलबर्नच्या विकी अँडरसन यांच्या गटाने डोक्याला मार बसलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. गंभीर इजा अगदी लहानपणी झाली तर पुढचे नुकसान जास्त असल्याचे त्यांना दिसले. कारण उघड आहे: मोठ्याच्या मेंदूत शिकलेले काही तरी असते, लहानग्याचे शिकणेच व्हायचे असते. मेंदूच्या गाठीसाठी डोक्याला किरणोपचार घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक वर्षागणिक उतरतो तेव्हा ती शिकलेले विसरत नसतात. नवे शिकण्याचा त्यांचा वेग सोबत्यांपेक्षा कमी पडतो आणि अंतर वाढत जाते. त्यातही योजना आखणे, स्वतःला आवरणे, एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळणे या क्षमता मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित, आणि तो भाग विशीतही पिकत असतो. म्हणून तिसऱ्या वर्षी झालेली इजा कधी कधी सहावी-सातवीत डोके वर काढते, जेव्हा विषय वाढतात आणि वही-पुस्तक सांभाळायला आई शेजारी नसते. ‘इतकी वर्षे तर ठीक होता’ हे पालकांचे वाक्य खोटे नसते, पण निष्कर्ष चुकतो. यातूनच या तपासणीचा एक नियम निघतो: ती एकदाच करून संपत नाही. पहिल्यांदा शाळेत जाताना, माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आणि शाळा सोडताना मुलाकडून होणाऱ्या मागण्या बदलतात, आणि जुना अहवाल जुन्या मापाच्या चपलेसारखा होतो.

खरा, आणि ज्याला मला अर्धेच उत्तर देता येते असा आक्षेप वेगळा आहे: हे तज्ज्ञ आहेत कुठे? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते; मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजिस्टसाठी वेगळी नोंदवही नाही. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्था आणि मोठ्या शहरांतली काही रुग्णालये सोडली तर हिंगोलीच्या पालकाने कुठे जावे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जातात, विकासातले अडथळे टिपतात, पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. पण टिपणे आणि उकलणे यांत मोठे अंतर आहे. अर्धे उत्तर असे, की तज्ज्ञ दुर्मीळ असला तरी त्याची विचार करण्याची रीत दुर्मीळ असण्याचे कारण नाही. 35 हे उत्तर पाहून फुली मारण्याआधी ‘कसे केलेस, मला सांग’ असे विचारणाऱ्या शिक्षिकेला त्यासाठी कोणती पदवी लागत नाही. ती तज्ज्ञाची जागा घेणार नाही. कोणाला तज्ज्ञाकडे पाठवायचे हे मात्र तिला कळू लागेल, आणि रांगही छोटी होईल. उरलेले अर्धे उत्तर अंदाजपत्रकाचे आहे आणि ते इथे देता येत नाही.

ज्यांना अशी भेट मिळाली आहे त्यांनी ती वाया जाऊ देऊ नये, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. अहवाल हातात आला की आकड्यांच्या तक्त्यावरून सरळ शेवटच्या पानावर जावे आणि तिथे लिहिलेल्या सूचना आपल्या मुलाचे नाव झाकून वाचाव्यात. त्या कोणत्याही मुलाला लागू पडत असतील, ‘पुढच्या बाकावर बसवा, प्रोत्साहन द्या’ अशा, तर तज्ज्ञाला पुन्हा भेटून विचारावे, की तुम्हाला याच्यात काय वेगळे दिसले. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तुम्ही त्याचेच पैसे भरले आहेत. आणि मुलाला वगळून बोलू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘तुला कळतं सगळं, पण कानाने ऐकलेलं पटकन निसटतं, म्हणून आपण ते लिहून ठेवायचं’ हे समजते. आपल्याबद्दल दार लावून काही तरी ठरले एवढेच कळले, तर त्यातून ते स्वतःच एक उत्तर काढते आणि ते बहुधा एकाक्षरी असते. दुसरी गोष्ट भेटीला जातानाची. जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कार्ड, ताप-झटक्यांच्या नोंदी बरोबर घ्याव्यात. निकालपत्रके दोन-तीन पुरेत. पण रद्दीत टाकायला काढलेल्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या जरूर न्याव्यात, नीटनेटक्या केलेल्या गृहपाठाच्या नव्हे, वर्गातल्या कच्च्या. अर्धी सोडलेली गणिते, फाटेपर्यंत खोडरबर घासलेली जागा, ओळ सोडून खाली घसरत गेलेले शुद्धलेखन, एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलेला ‘सूर्य’. तज्ज्ञ चांगला असेल तर चाचणीची पेटी उघडण्याआधी तो त्या चाळत बसेल.